ऑनलाइन शोध-उपक्रम कसे आखावेत? शिक्षकांचे वारंवार येणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पाचवी ते दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. प्रत्येक उत्तरामागे एकच भूमिका आहे: शोध पडद्यावर लागत नाही. तो अंगणात, शेताच्या बांधावर, स्वयंपाकघरात लागतो. इंटरनेटचं काम तिथून आलेली निरीक्षणं एकत्र आणणं आणि त्यावर मुलांना एकमेकांशी बोलतं करणं, एवढंच. उपक्रम आखताना हे काम उलटंपालटं झालं, की मुलं फक्त लिंकवर क्लिक करत बसतात.

शोधाधारित शिक्षण म्हणजे नेमकं काय?

आधी प्रश्न, मग धडा. मूल प्रश्न समजून घेतं, आपला अंदाज सांगतं, मोजमाप किंवा माहिती गोळा करतं, त्यावरून एखादं विधान करतं आणि ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ या प्रश्नाला तोंड देतं. बी.एड.ला आपण शिकलेला पाच-ई नमुना (गुंतणं, शोधणं, स्पष्ट करणं, विस्तारणं, मूल्यमापन; इंग्रजीत पाचही शब्द ‘ई’ने सुरू होतात) यासाठीच आहे. अमेरिकेतल्या बीएससीएस या विज्ञान अभ्यासक्रम संस्थेत तो १९८०च्या दशकात तयार झाला. मात्र त्या पाच पायऱ्या एकामागून एक चढायच्याच असतात असं नाही. मोजमाप करता करता मूळ प्रश्न बदलतो, मुलं मागे जातात, पुन्हा मोजतात. उपक्रमात त्यासाठी जागा ठेवावी लागते.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत १९७२ साली प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला आणि तो २००२पर्यंत सरकारी शाळांत चालला. महागडी प्रयोगशाळा नसताना खेड्यातली मुलं स्वतः मोजून, तपासून विज्ञान शिकू शकतात, हे त्याने दाखवून दिलं.

मग प्रकल्पवही आणि हे एकच का?

नाही. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर चित्रं चिकटवलेल्या प्रकल्पवहीत प्रश्नच नसतो. त्यामुळे उत्तर चुकण्याची शक्यता नसते आणि शोधाचीही नसते. ‘आमच्या वाडीत कोणत्या घरी पाणी सगळ्यात लांबून येतं, आणि त्या घरातली माणसं ते कमी वापरतात का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणालाच आधी माहीत नसतं, शिक्षकालाही नाही.

ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं ना?

गाभा तोच आहे. मात्र बऱ्याच ठिकाणी ज्ञानरचनावाद फरशीवरच्या रंगीत आकृत्यांपाशी आणि गटात बसण्यापाशीच थांबला. मूल स्वतःचं ज्ञान रचतं ते प्रश्नाला भिडल्यावर. बसण्याची व्यवस्था त्यानंतर येते.

हे सगळं वर्गातही करता येतं. ऑनलाइन कशासाठी?

चांगला प्रश्न आहे, आणि प्रत्येक उपक्रमाआधी तो स्वतःला विचारावा. ऑनलाइन जाण्याचं खरं कारण एकच: आपल्या वर्गाकडे नसलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडे तरी असते. दुसरा अक्षांश, दुसरा पाऊस, दुसरी माती, दुसरी बाजारपेठ. एका गावातल्या तीस मुलांनी दही कधी लागतं ते मोजलं, तर सगळ्यांचे आकडे साधारण सारखेच येतील. पण महाबळेश्वरच्या आणि चंद्रपूरच्या मुलांनी एकाच दिवशी तेच मोजलं, तर पहिल्या दिवसापासून चर्चा रंगेल. असं कारण सापडत नसेल, तर उपक्रम वर्गातच घ्यावा. तो तिथेच जास्त चांगला होईल.

प्रश्न कसा निवडायचा?

उपक्रमाचं निम्मं यश इथेच ठरतं, म्हणून प्रश्नाला हवा तेवढा वेळ द्या. पहिली परीक्षा सोपी आहे: प्रश्न फोनमध्ये टाकून बघा. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, तर तो प्रश्न बाद. ‘पृथ्वीचा परीघ किती?’ याला सुमारे ४०,००० किलोमीटर हे उत्तर तयार आहे. ‘आपल्या काठीच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढता येईल का, आणि आपलं उत्तर किती चुकेल?’ याचं उत्तर तयार नाही, कारण त्यात आपली काठी आणि आपली चूक आहे.

दुसरी परीक्षा: मुलाला स्वतःच्या हाताने काही गोळा करता येईल का? ‘प्रदूषणाचे दुष्परिणाम सांगा’ या प्रश्नात मुलाला करण्यासारखं काहीच नाही. तोच विषय असा मांडा: रस्त्याकडेच्या झाडाच्या पानांवर जास्त धूळ बसते, की मैदानातल्या झाडाच्या? दोन्हीकडची पानं ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसायची आणि फडकी शेजारी शेजारी ठेवायची. पानं एकाच जातीच्या झाडाची घ्यायची का, सारख्या उंचीवरची घ्यायची का, कालच्या पावसाचं काय, हे प्रश्न मग मुलंच काढतात. दोन गोष्टींची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवायला हवं, हे विज्ञानातलं मोठं तत्त्व त्यांना फडकी हातात असतानाच कळतं.

तिसरी परीक्षा मी फार महत्त्वाची मानतो: मुलांमध्ये मतभेद होईल का? सगळ्यांचा अंदाज सारखाच येणार असेल, तर तो तपासून बघावा असं कुणाला वाटत नाही.

एखादा पूर्ण आखलेला नमुना दाखवाल का?

सावलीचाच घेऊ. दोन शाळा लागतात, शक्यतो एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला. तंत्रस्नेही शिक्षकांच्या गटांमुळे अशी जोडी जुळवणं आता अवघड राहिलेलं नाही. समजा, एक शाळा कोल्हापूरची आहे आणि दुसरी जळगावची. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, जळगाव २१ अंशावर. हे आकडे मुलांना मात्र आधी सांगायचे नाहीत.

पहिल्या दिवशी फक्त एक प्रश्न पाठवायचा: ‘एक मीटरची काठी कोल्हापुरात आणि जळगावात एकाच दिवशी उभी केली, तर दुपारी दोघींची सर्वांत आखूड सावली सारखी असेल का? नसेल तर कोणाची लांब? का?’ प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह फॉर्ममध्ये भरायचा, आणि मोजमाप सुरू होण्याआधी फॉर्म बंद करायचा. अंदाज आधी नोंदवला नाही, तर उत्तर कळल्यावर प्रत्येकाला ‘मला हेच वाटत होतं’ असं मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. काठी उभी आहे हे कसं ठरवायचं? दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करायचा. जमीन सपाट आहे का? ताटलीत पाणी ठेवून बघायचं. या तालमीत मुलांच्या लक्षात येतं, की सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची थाळी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे एक मीटरच्या काठीच्या टोकाशी जवळजवळ एक सेंटीमीटर धूसर पट्टा पडतो. खूण पट्ट्याच्या कुठल्या कडेला करायची, हे दोन्ही शाळांनी आपसात बोलून ठरवायचं. ऑनलाइन चर्चेची पहिली खरी गरज इथे निर्माण होते, आणि तीही मुलांच्याच कामातून.

तिसरा दिवस मोजमापाचा. यासाठी २० किंवा २१ मार्च उत्तम. सूर्य तेव्हा विषुववृत्तावर असतो आणि आकाशही सहसा निरभ्र असतं. २२-२३ सप्टेंबरलाही तीच स्थिती असते, पण ढगांचा भरवसा नसतो. मार्चमधल्या त्या दिवशी कोल्हापुरात सावली सुमारे ३० सेंटीमीटर येते आणि जळगावात ३८. आठ सेंटीमीटरचा फरक शाळेतल्या पट्टीनेही कळतो. ‘दुपार म्हणजे बारा वाजता’ हा समजही इथे गळून पडतो. सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास मिळते आणि जळगावात पाचेक मिनिटं आधी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य मुलांना पहिल्यांदा जमिनीवर दिसतं.

चौथ्या दिवशी सामायिक तक्ता उघडायचा. नववी-दहावीची मुलं काठीच्या टोकाशी काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन त्रिकोणमितीने काढतील. सातवी-आठवीच्या मुलांनी काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर मोठ्या प्रमाणात काढून कोनमापकाने तोच कोन मोजावा आणि सगळ्यांची सरासरी घ्यावी. दोन कोनांतला फरक साधारण ४.३ अंश येतो. सूर्यकिरण दोन्हीकडे समांतर येतात, म्हणून हा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळेच पडतो. दोन्ही गावांतून पूर्व-पश्चिम रेषा काढून त्यांच्यातलं अंतर नकाशाच्या प्रमाणपट्टीने मोजलं, तर ते ४८० किलोमीटरच्या जवळपास भरतं. रस्त्याचं अंतर इथे चालत नाही. का चालत नाही, हे मुलांनाच शोधू द्या. ४.३ अंशांना ४८० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४०,०००च्या आसपास येतं.

इथे थांबू नका. एका शाळेची सावली एक सेंटीमीटरने चुकली, तर कोन अर्ध्या अंशाने चुकतो आणि परीघ एकदम ३६,००० किंवा ४५,०००च्या घरात जातो. धूसर पट्टाही नेमका एक सेंटीमीटरचाच होता! ‘आपलं उत्तर किती चुकेल?’ या मूळ प्रश्नाचं उत्तर मुलांच्या हाती असं येतं. त्यानंतरच इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची गोष्ट सांगा. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात त्याने अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांच्या सावल्यांवरून हेच केलं होतं. ही गोष्ट आधी सांगितली, तर उपक्रमाची कृती-पाककृती होते.

ढग आले तर?

दोन्ही शाळांनी मिळून दिवस पुढे ढकलायचा. विषुवदिनाचाच, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर असतो त्या दिवसाचाच, हट्ट नको. एकाच दिवशी मोजलं आणि दोन्हीकडे सावली एकाच दिशेला पडत असेल, तर कोनांतला फरक कोणत्याही दिवशी तेवढाच येतो.

घरात एकच फोन, तोही संध्याकाळी सातनंतर मिळतो. मग ऑनलाइन कसं?

म्हणूनच एका वेळी सगळ्यांनी हजर राहण्याची अट उपक्रमात शक्यतो ठेवू नका. मोजमाप वहीत आणि नोंद संध्याकाळी, असा क्रम ठेवा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे आकडे गटातल्या मित्राने भरावेत, मात्र नाव मोजणाऱ्याचं. व्हिडिओऐवजी दीड मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा. तो डेटा कमी खातो आणि आजीलाही कळतो. प्रत्यक्ष कॉल अख्ख्या उपक्रमात एकच ठेवा, तोही शाळेच्या वेळेत, शाळेच्या स्क्रीनवर. करोनाकाळात एकाच फोनवर तीन भावंडांचे वर्ग चालत होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हाची ती ओढाताण पुन्हा मुलांवर येऊ देऊ नका.

सूचना कशा लिहाव्यात?

समोर आपण नाही, हे धरून लिहाव्यात. ‘सावलीचे निरीक्षण करून योग्य नोंदी घ्या’ ही सूचना मुलाला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बारा वीसला काठीपाशी जा. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने ठिपका दे आणि शेजारी वेळ लिही. एक वाजेपर्यंत थांब. आता काठीच्या सर्वांत जवळचा ठिपका शोध. काठीच्या बुडापासून तिथपर्यंत मोज. आकडा वहीत लिही, मग खाडाखोड करू नकोस. आकडा विचित्र वाटला तर बाजूला “विचित्र” असं लिही, पण बदलू नकोस. सूर्याकडे थेट बघायचं नाही.’

कृती अशी बारकाईने सांगा. अर्थ मात्र सांगू नका. सर्वांत जवळचा ठिपका नेमक्या उत्तरेला येतो, हे सूचनेत लिहिलं तर मुलाच्या हातचा एक शोध गेला.

मुलांना किती मोकळं सोडायचं?

सुरुवातीला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. यावर अभ्यासकांमध्ये मोठा वाद झालेला आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली मांडलं, की नवशिक्याला फारशा मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर त्याच्या कार्यस्मृतीवर (एका वेळी मनात माहिती धरून ठेवण्याच्या क्षमतेवर) ताण येतो आणि शिकणं कमी होतं. २००७ साली मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिलं, की चांगल्या शोधाधारित शिक्षणात मार्गदर्शन भरपूर असतं, फक्त ते उत्तराच्या रूपात दिलेलं नसतं. मला दोघांचंही पटतं, आणि दोन्हींतून शिक्षकासाठी निघणारा सल्ला एकच आहे. पहिल्या उपक्रमात प्रश्न आणि पद्धत आपण द्यावी. पुढच्यात प्रश्न आपला, पद्धत मुलांची. वर्षाच्या शेवटी प्रश्नही मुलांनी काढावा. पाचवीच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘हवा तो प्रश्न निवड आणि शोध’ असं सांगणं म्हणजे त्याला एकटं टाकणं.

सिम्युलेशन वापरलं तर तो शोध धरायचा का?

सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग. तो शोध धरता येतो, पण प्रश्न कसा विचारता त्यावर ते अवलंबून आहे. कोलोराडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. त्याची सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि काही मराठीतही आहेत. विद्युत परिपथ, अणूची रचना, वायूचे रेणू अशा हाताने सहज न करता येणाऱ्या गोष्टींसाठी ती जरूर वापरा. मात्र ‘बटण दाबा, काय दिसतं ते लिहा’ असं नको. ‘तीन बल्ब असे जोड, की एक काढला तरी उरलेले दोन तितक्याच प्रखर जळत राहतील’ असं आव्हान द्या. आणि लंबक, सावली, तरंगणं-बुडणं या गोष्टी हाताशी असताना त्यांचं सिम्युलेशन दाखवू नका. त्यात आकडे चुकतच नाहीत, आणि मग चुकीबद्दल शिकायचं राहून जातं.

वेबक्वेस्ट हा प्रकार अजून उपयोगी आहे का?

त्यातला एक भाग आहे. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या बर्नी डॉज यांनी १९९५ साली हा आराखडा मांडला. शिक्षकाने निवडक संकेतस्थळं द्यायची आणि मुलांनी ती वाचून एखादं काम पूर्ण करायचं, अशी त्याची रचना होती. आज मुलांना निवडक लिंक देणं अधिकच गरजेचं झालं आहे, कारण मोकळा शोध घेतला की पहिल्या पानावर जाहिराती येतात. तीन-चार स्रोत पुरेत. त्यांतले दोन एकमेकांशी न जुळणारे असतील, तर फारच छान.

मुलं एआयकडून उत्तर घेऊन चिकटवतात. काय करावं?

पहारा ठेवून हे थांबत नाही, उपक्रमाच्या रचनेने बरंच थांबतं. खडूच्या ठिपक्यांचा फोटो मागा. वहीचं पान मागा, खाडाखोडीसह. आणि निष्कर्षाऐवजी असं विचारा: ‘तुमच्या गटात सगळ्यात वेगळा आकडा कोणाचा आला? का आला असेल?’ त्याचं उत्तर त्या गटाकडेच असतं. मोठ्या मुलांना उलट एआयचं उत्तर देऊन ते आपल्या आकड्यांशी पडताळायलाही सांगता येतं. पालक करून देतात ही तक्रारही अशीच सुटते. पालकांना मुलाखत द्यायचं किंवा पट्टीचं दुसरं टोक धरायचं काम द्या. काम मिळालं की ते निबंध लिहून देत नाहीत.

ऑनलाइन चर्चेत मुलं गप्प बसतात किंवा ‘छान’ एवढंच लिहितात.

‘आपले मत मांडा’ या आवाहनाला मोठी माणसंही गप्प बसतात. चर्चेला एखादी वस्तू द्या. तक्त्यातला एकाच शाळेचा ३० आणि ४४ सेंटीमीटर असा विसंगत जोड दाखवा आणि विचारा, ‘४४ ठेवायचा की काढायचा?’ ठेवा म्हणणाऱ्याने कारण द्यायचं, काढा म्हणणाऱ्यानेही. गट चार-पाच जणांचा असावा. दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी बोलताना प्रमाणभाषेचा आग्रह धरू नका. खानदेशातलं मूल अहिराणी वळणाने बोललं आणि कोल्हापूरचं आपल्या ढंगाने, तरी आकडे दोघांना कळतात. बोली टोकली, की पहिलं मूल गप्प होतं आणि मग सगळा गट.

गुण कसे द्यायचे?

बरोबर उत्तराला देऊ नका. ज्याचा परीघ ३६,००० आला आणि जो सांगू शकला की चूक कुठून आली, तो ४०,००० उतरवून काढणाऱ्यापेक्षा नक्कीच पुढे आहे. आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात प्रयोग, उपक्रम आणि तोंडी काम यांना जागा आहेच, ती वापरा. मी चार गोष्टी बघतो: नोंद प्रामाणिक आहे का, विधानामागे पुरावा आहे का, दुसऱ्याच्या आकड्याची दखल घेतली का, आणि शेवटी नवा प्रश्न निघाला का. होशंगाबादच्या कार्यक्रमात परीक्षा पुस्तक उघडं ठेवून होत असे आणि प्रात्यक्षिकही असे. शिकवण्याची पद्धत बदलली आणि परीक्षा जुनीच राहिली तर मुलं परीक्षेच्याच मागे जातात, हे तिथल्या लोकांनी नीट ओळखलं होतं.

विज्ञान सोडून इतर विषयांत हे जमतं का?

जमतं. सामाजिक शास्त्रासाठी माझा आवडता प्रश्न कांद्याचा आहे. लासलगाव बाजार समितीतला कांद्याचा भाव आणि आपल्या गावच्या आठवडी बाजारातला भाव यांत किती फरक आहे, आणि तो फरक कोणाकोणाकडे जातो? बाजार समित्यांचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर असतात. किरकोळ भाव मुलं बाजारात विचारतात. मग हमाली, वाहतूक, सड, विक्रेत्याचा नफा यांबद्दल मुलाखती. नाशिक जिल्ह्यातली शाळा आणि मुंबईतली शाळा जोडली, तर एकीकडे पिकवणाऱ्याची मुलं आणि दुसरीकडे विकत घेणाऱ्यांची. या चर्चेत शिक्षकाला फारसं बोलावं लागत नाही.

मुलांच्या फोटोंचं आणि माहितीचं काय?

चेहऱ्याचे फोटो मागूच नका. हात, वही, काठी पुरे. घराचा पत्ता किंवा अचूक ठिकाण नको, गावाचं नाव पुरतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला मूल मानलं आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. त्यामुळे नव्या अ‍ॅपवर मुलांची खाती उघडण्यापेक्षा शाळेच्या एका खात्यावरून काम करणं सोपं जातं. दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी बोलणं गटातच व्हावं, आणि त्या गटात दोन्हीकडचे शिक्षक असावेत.

पहिला उपक्रम किती मोठा असावा?

एक आठवडा, एक प्रश्न, एक आकडा. दही घ्या. विरजण चमचाभर, दूध एक वाटी, रात्री नऊला लावायचं. सकाळी सहापासून तासातासाला वाटी हलकेच तिरकी करून बघायची आणि दही लागल्याची वेळ व खोलीचं तापमान नोंदवायचं. जोडीला एकच शाळा हवी, डोंगरावरची असेल तर उत्तम. अशी शाळा मिळाली नाही, तर आपल्याच मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाहून आकडे पाठवायला सांगा. त्याच महिन्यात शून्य सावली दिवसही (दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावलीच पडत नाही तो दिवस) महाराष्ट्रावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो, पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गात, शेवटच्या आठवड्यात नागपुरात. तेव्हा काठीही सोबत न्यायला सांगा.